पिलं न काढलेली बाग : नैराश्यावरच्या एका खान्देशी पटकथेचं प्रकरण

आधी एक खुलासा. यातलं घर आणि यातली पटकथा अभ्यासासाठी रचलेली आहे. चुका मात्र रचाव्या लागल्या नाहीत. मानसिक आजारावर गावाकडे निघणाऱ्या लघुपटांत त्या इतक्या नेमाने भेटतात, की पहिलं पान वाचताच पुढची पंधरा पानं सांगता यावीत.

पटकथा साधारण पन्नास मिनिटांची. घर केळीवाल्याचं. नाना, वय ४४. त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात. नानांची आई जिजी, धाकटा भाऊ, बारावीतली मुलगी, नववीतला मुलगा. नऊ एकर सामाईक सातबारा. पहिल्या मसुद्याची गोष्ट अशी: जूनच्या वादळात बाग आडवी होते, कर्ज थकतं, नाना दारूला लागतात, रडतात, घरच्यांवर हात उचलतात, एका रात्री जिवाचं बरंवाईट करायला निघतात, वाचतात. शहरातला डॉक्टर सात मिनिटं भाषण करतो, गोळी देतो आणि पुढच्याच प्रसंगात नाना मुलीच्या साखरपुड्यात हसताना दिसतात. शेवटी पडद्यावर ‘नैराश्य हा आजार आहे, बरा होतो’.

शेवटची पाटी खरी आहे. तिच्या आधीचं जवळजवळ सगळं दुरुस्त करावं लागलं.

बोलीपासून सुरुवात

पहिली दुरुस्ती वैद्यकीय नव्हतीच. मसुद्यात घर रावेर तालुक्यातलं होतं आणि सगळे अस्सल अहिराणी बोलत होते. रावेर, यावल, फैजपूर पट्ट्यातल्या केळीवाल्या घरांत बहुतेक ठिकाणी लेवा बोली ऐकू येते. अहिराणी धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव अशी पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे. नट धुळ्याचे, त्यांना लेवा बोली जमेना. मग घरच उचलून चोपडा तालुक्यात नेलं. तिथे केळीही आहे आणि अहिराणीही खपून जाते.

हा भाषेचा हट्ट वाटेल, पण आजाराच्या चित्रणाशी त्याचा थेट संबंध आहे. ‘मला नैराश्य आलंय’ असं या भागातला कुठलाच माणूस म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मन कसामाच लागत नही’. किंवा मनाबद्दल बोलतच नाही: अंग मोडून येतं, डोकं जड राहतं, गॅस होतो, जीव घाबरा होतो, हातापायात ताकद नाही. दवाखान्यात येणारं नैराश्य बहुतेक वेळा अंगदुखीच्या वेशात येतं. पहिल्या मसुद्यात नाना ‘माझ्या आत एक पोकळी आहे’ असं म्हणत होते. ते वाक्य काढलं. त्या जागी नाना भावाला एवढंच म्हणतात, की पायात शिसं भरल्यासारखं वाटतं.

आणखी एक अडचण इथलीच. अहिराणी व्हिडिओ म्हटला की प्रेक्षक हसायच्या तयारीने बसतो. पहिल्या पाच मिनिटांत जिजीच्या तोंडी दोन ठसकेबाज वाक्यं ठेवली, म्हणजे हसू तिथे वाहून जातं आणि नानांच्या वाट्याला येत नाही. जिजी नंतर जे काही बोलते, ते त्यामुळे जास्त टोचतं.

वादळ कुठे ठेवायचं

पटकथेची खरी मोडतोड इथे झाली. वादळ आलं, बाग पडली, माणूस खचला: हे समीकरण प्रेक्षकाला पटकन पटतं आणि म्हणूनच घातक ठरतं. नुकसान झाल्यावर वाईट वाटणं हा आजार नाही. आणि आजार असेल तर कर्ज फिटल्याने तो आपोआप उतरत नाही. निदानासाठी वैद्यकशास्त्र जे मागतं ते असं: उदास मन किंवा कशातच रस न उरणं, या दोनांपैकी एक तरी हवं, त्यासोबत झोप, भूक, थकवा, हालचालींतला संथपणा किंवा अस्वस्थता, एकाग्रता, अपराधी भावना, मरणाचे विचार यांतली लक्षणं मिळून किमान पाच, दिवसातला बराचसा वेळ, जवळपास रोज, निदान दोन आठवडे, आणि त्याने कामात, घरात अडथळा यायला हवा. ताण, तोटा, मृत्यू यांनी आजार सुरू होऊ शकतो किंवा बळावू शकतो. घराण्यात कुणाला असेल तर धोका वाढतो. पण कित्येकदा सगळं ठीक चाललेलं असताना तो येतो, आणि तेव्हा घरच्यांची जास्त पंचाईत होते, कारण सांगायला काहीच नसतं.

म्हणून सुरुवात जूनवरून मागे, डिसेंबरात नेली. भाव बरा आहे, मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) सहा महिन्यांची आहे, नुकसान काही नाही. शेतात भरीत पार्टी आहे. वांगी काटक्यांवर भाजली जातायत, कळण्याच्या भाकरी आल्यात. नाना, जे दरवर्षी वांगी स्वतः निवडतात, ते बांधावर मोटारसायकलला टेकून उभे आहेत. कुणी हाक मारली तर येतात, दोन घास खातात, पुन्हा तिथेच जाऊन उभे राहतात. संवाद नाही. आपलं माणूस नेहमी ज्यात रमायचं त्यातून निघून गेलंय, हे प्रेक्षकाला इथे कळलं पाहिजे आणि त्याचं कारण कळता कामा नये.

मग बाग. खोडाशी फुटणारी पिलं दर तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात, नाहीतर मुख्य झाडाचं खतपाणी तीच ओढतात. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी सतराशेच्या वर झाडं, म्हणजे हे काम साचायला वेळ लागत नाही. पहिल्या मसुद्यात मनःस्थितीसाठी निळसर रंग, पाऊस आणि बासरी होती. ते सगळं काढून तीन महिन्यांच्या अंतराने एकाच ओळीचे तीन शॉट ठेवले: स्वच्छ बुंधे, गुडघ्याएवढी पिलं, कमरेएवढं रान. कुठलाही केळीवाला हे पाहून न विचारता म्हणेल, ‘या घरात काहीतरी बिनसलंय’. शहरी प्रेक्षकाला ते कळलं नाही तरी चालेल, चित्रपट त्यांच्यासाठी नाही.

वादळ राहिलं, पण ते आता मध्यावर येतं. बाग आडवी होते आणि घराला हायसं वाटतं, कारण आता सहा महिन्यांनी एकदाचं कारण मिळतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगते, ‘वादळ झालं ना, तेव्हापासून असे आहेत’. प्रेक्षकाने डिसेंबर पाहिलेला असतो. या एका वाक्यासाठी पंचवीस मिनिटं खर्ची घातली आहेत आणि ती फुकट गेलेली नाहीत.

चार सेकंद

नटाचा प्रश्न. खचलेला माणूस म्हटलं की नट रडतो. तीव्र नैराश्यात कित्येकांना रडूच येत नाही, आणि ‘रडू तरी यावं’ ही त्यांची तक्रार असते. दिसायचं ते असं: प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला तीन-चार सेकंद लागतात, आवाज एका पट्टीत, वाक्य अर्ध्यावर सुटतं, नजर माणसावर न राहता हातांवर किंवा जमिनीवर, बसलेली जागा तासन्‌तास तीच. पहाटे तीन-चारला जाग, पुन्हा झोप नाही. सकाळ सगळ्यात वाईट आणि संध्याकाळी थोडं हलकं, हा चढउतार या आजारात पुष्कळदा दिसतो. पहिल्या मसुद्यात नाना सकाळी कामाला लागत आणि रात्री कोसळत. ते उलटं केलं. त्यातून घरातला एक गैरसमजही आपोआप उभा राहिला: भाऊ म्हणतो, ‘सकाळी उठवत नाही, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून बोलता येतं. हे काय दुखणं?’

चित्रीकरण क्रमाने होत नाही, म्हणून प्रत्येक प्रसंगाला एक पट्टी जोडली. तिच्यावर प्रसंग क्रमांक, आजाराचा कितवा आठवडा, आदल्या रात्रीची झोप तासांत, उत्तराआधीचा अवकाश सेकंदांत, दाढी किती दिवसांची, गोळी किती मिलिग्रॅम. उदाहरणार्थ, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) प्रसंगाची पट्टी: आठवडा १९, झोप साडेतीन तास, अवकाश ४ सेकंद, दाढी ९ दिवस, गोळी फक्त झोपेची. नट वजन घटवू शकत नव्हता. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन कमी होणं हे लक्षण मानतात, म्हणजे ७४ किलोच्या माणसाचे पावणेचार किलो. त्यासाठी शर्ट एका मापाने मोठे शिवले आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक जास्तीचं भोक दाखवलं.

एवढं करूनही पहिल्या जुळणीत नाना आजारी वाटेनात, रुसलेले वाटू लागले. कारण शोधायला दोन दिवस लागले. संकलकाने सवयीने संवादांमधल्या मोकळ्या जागा कापल्या होत्या. चार सेकंदांचं दीड सेकंद झालं, की संथपणा जातो आणि उरतो तुसडेपणा. अवकाश परत घातले, चित्रपट सव्वादोन मिनिटांनी लांबला आणि नाना पुन्हा आजारी पडले. पार्श्वसंगीत त्या जागांत घालायचं नाही, असंही ठरलं. पंख्याचा आवाज पुरतो.

घर

पहिल्या मसुद्यात कॅमेरा सतत नानांवर होता. ‘कासव’ या चित्रपटात (सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट) नैराश्यातला तरुण घरापासून दूर, समुद्रकाठी, अनोळखी माणसांच्या आधाराने सावरतो. ती वाट या पटकथेला नव्हती. इथे माणूस घरातच आहे, खाटेवर आहे आणि घराला त्याला वळसा घालून जगायचं आहे. म्हणून कॅमेरा वळवला तो वळसा घालणाऱ्यांकडे.

वहिनीच्या दिवसाचा हिशोब मांडला तेव्हा पटकथेतला सगळ्यात मोठा खड्डा दिसला. तिला फक्त रडायला आणि देवापुढे दिवा लावायला ठेवलं होतं. प्रत्यक्षात नाना बसल्यापासून सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) कामं सांगणं, ठिबकमधून खत कधी सोडायचं ते पाहणं, व्यापाऱ्याशी भावाचं बोलणं, सोसायटीची नोटीस वाचणं, हे सगळं तिच्याकडे आलेलं असणार. आणि हे ती करते आहे हे गावाला दिसू द्यायचं नाही, म्हणून व्यापाऱ्याला फोनवर सांगते, ‘ते बाथरूममध्ये आहेत, मला विचारून सांगायला सांगितलंय’. हे खोटं ती चित्रपटभर बोलते. पहिल्यांदा प्रेक्षक हसतो. पाचव्यांदा हसत नाही.

मग आखाजी. खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. सालदाराचं सालही त्याच सणाला फिरतं. वहिनी यंदा जात नाही. तिचा भाऊ घ्यायला येतो, ती म्हणते, बागेचं काम आहे. सालदारही जास्त पैसे देणाऱ्याकडे निघून जातो. रात्री शेजारच्या वाड्यातून गाणी ऐकू येतायत आणि ती सालाचा हिशोब वहीत लिहिते आहे. चित्रपटात ती एकदाही रडत नाही. या प्रसंगात तर मुद्दाम नाही. या बाईलाही कुणीतरी ‘तुझी झोप कशी आहे’ असं विचारायला हवं. ते विचारणं पुढे डॉक्टरच्या तोंडी दिलं, कारण घरात ते कुणाला सुचणं शक्य नव्हतं.

जिजी सुनेला दोष देते, पण ती खलनायिका नको होती. ‘मना आंडोरले कोनी तरी काही करेल शे’ (माझ्या मुलावर कुणीतरी काहीतरी केलंय) हे म्हणताना तिच्या मनात सून आहे, भाऊबंद आहेत आणि आणखी एक माणूस आहे. तिचा धाकटा दीर ऐन पस्तिशीत गेला. घरात सांगतात, पाय घसरला. जिजीला माहीत आहे की पाय घसरला नव्हता. चित्रपटात ती हे एकदाच आणि तेही डॉक्टरने विचारल्यावर सांगते. ज्या घराण्यात असं आधी झालंय तिथे ते दडवलेलं असतं, आणि नेमकी तीच माहिती डॉक्टरला सगळ्यात आधी हवी असते.

भावाचा राग सामाईक सातबाऱ्यातून येतो. राबायचं एकाने आणि वाटणी निम्मी. ‘ढोंग’ हा शब्द तो वापरतो. घरातले टोमणे, वैर आणि सतत पाठीमागे लागणं यांचा आजार उलटण्याशी संबंध असतो, हे १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं आणि त्यांत नैराश्याचे रुग्णही होते. चित्रपटात हे कुणी समजावून सांगत नाही. भाऊ जेवताना टोमणा मारतो, दुसऱ्या दिवशी नाना ताटावर येत नाहीत. एवढंच.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची. मामा येऊन म्हणतो, ‘मन घट्ट कर, फिरायला जा, पोरांकडे बघ’. हे सगळं प्रेमाने बोललेलं असतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, की आपण एवढंही करू शकत नाही. अपराधीपणाच्या आजारात ही भर.

भगत, बाटली आणि झोपेची गोळी

मसुद्यातला भगत साखळीने मारतो. तसं होत असेल तर तो राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पण बहुतेक घरांचा अनुभव असा नसतो. अंगारा, लिंबू, नवस, दोन अमावास्या. त्रास देणारा माणूस दाखवला, की प्रेक्षक ‘आमचा तसा नाही’ म्हणून सुटतो. म्हणून भगत मवाळ केला, बोलायला गोड, पैसे न मागणारा. तो फक्त दोन महिने खातो.

पुढचे दोन महिने गावातला डॉक्टर खातो. ‘अशक्तपणा आहे, बाटली लावू’. सलाइन, बी१२ चं इंजेक्शन, झोपेसाठी अल्प्राझोलाम. दोन दिवस झोप लागते, घर आनंदात. ही गोळी झोप आणते, घाबरेपणा तात्पुरता कमी करते, नैराश्यावर काम करत नाही आणि काही आठवड्यांतच तिची सवय लागू शकते. पुढे मानसोपचारतज्ज्ञाची गोळी आली की घर म्हणतं, ‘ह्यांची सवय लागते’. एका गोळीची बदनामी दुसरीच्या माथी. हा गोंधळ चित्रपटात मुद्दाम ठेवलाय, कारण प्रत्यक्षात औषध सुटण्याचं ते मोठं कारण असतं. बी१२ आणि थायरॉइड तपासणं मात्र चूक नाही. थायरॉइड मंदावलं असेल, रक्त कमी असेल तर चित्र असंच दिसू शकतं. चूक तपासणीत नव्हती, अहवाल ‘नॉर्मल’ आल्यावर ‘काही झालेलं नाही’ म्हणण्यात होती.

दवाखान्यातली पावणेतीन मिनिटं

सात मिनिटांचं भाषण पावणेतीन मिनिटांवर आणलं. डॉक्टर बोलत नाही, विचारतो. झोप, भूक, काम. दारू किती. आधी कधी असं झालं होतं का. घराण्यात कुणी. आणि एक प्रश्न जो चित्रपटांत कधीच नसतो: ‘याच्या उलट कधी झालंय का? चार-पाच दिवस झोप नको, बोलणं जास्त, पैसा उधळणं, मीच राजा असं वाटणं?’ उत्तर ‘हो’ आलं तर आजार दुसरा असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो. मग वहिनीला बाहेर बसवून दोन वाक्यं नानांशी एकट्यात: ‘जगू नये असं वाटतं का? तसं काही करायचं मनात येतं का?’ असं विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. विचारणारा कुणी नसणं जास्त धोक्याचं. नानांचं उत्तर चार सेकंदांनी येतं, आणि ते फक्त मान हलवणं आहे.

नैराश्य किती आहे ते मोजायची नऊ प्रश्नांची एक साधी यादी असते, पीएचक्यू-९. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नानांचे १९ येतात, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. कागद कॅमेऱ्यात दाखवला आहे, आकडा मोठ्याने वाचलेला नाही. तोच कागद पुढे दोनदा येतो: गोळी सुरू झाल्यापासून सहाव्या आठवड्यात ११, बाराव्यात ६.

जाण्याची दगदगही ठेवली. चोपड्याहून जळगाव पन्नास-साठ किलोमीटर, एसटीने जायचं-यायचं म्हणजे दिवस मोडतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथल्या गोळ्या फुकट मिळतात. पण गावात ‘वेड्याचा दवाखाना’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येरवडा नाहीतर ठाणे येतं. राज्याच्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी) एकही खान्देशात नाही, आणि नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. वहिनी शेजारणीला ‘मणक्याच्या डॉक्टरकडे चाललो’ असं सांगून निघते.

गोळीचं वेळापत्रक

डॉक्टरने दिलेली नैराश्यावरची गोळी एस्सिटॅलोप्रॅम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. पहिल्या मसुद्यात गोळी घेतली आणि सकाळ उजाडली. खरा क्रम असा लिहून घेतला: पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, अस्वस्थपणा, कधी झोप आणखी बिघडते. फायदा काही नाही, त्रास तेवढा. घर सर्वांत जास्त इथेच औषध सोडतं. दोन ते चार आठवड्यांत झोप-भूक सुधारायला लागते. मन उचलायला चार ते सहा, कधी आठ आठवडे. अंगात बळ आधी येतं आणि मनातला अंधार नंतर जातो, म्हणून या मधल्या दिवसांत जास्त लक्ष ठेवायचं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत तर पहिल्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा इशारा औषधासोबतच असतो. पुढची भेट महिन्याने न ठेवता दोन आठवड्यांनी ठेवली, त्याचं कारण हेच.

एक गोष्ट पटकथेत दोन ओळींत आली आणि त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते. नवरा-बायको ते कुणालाच सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद होते. गावात दाखवायच्या चित्रपटात हे कसं आणायचं? शेवटी वहिनी डॉक्टरला विचारते, ‘त्या बाबतीतही काही होतं का ह्याने?’ डॉक्टर म्हणतो, ‘होतं. सांगा, बदलता येतं. स्वतःहून बंद करू नका’. मागच्या रांगेतल्या चार बायकांना कळलं तरी काम झालं.

बाराव्या आठवड्यात नाना बरे. जिजी म्हणते, ‘आता कशाला?’ गोळी बंद. तिसऱ्या दिवशी गरगरणं, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. घर म्हणतं, ‘बघा, सवय लागली होती’. तो व्यसनाचा प्रकार नव्हे, गोळी हळूहळू न उतरवल्याचा परिणाम. पहिल्याच वेळचा आजार असला तरी बरं वाटू लागल्यावर सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, मग डॉक्टर टप्प्याने कमी करतो. दिवाळीपर्यंत नाना पुन्हा खाटेवर. निर्मात्याला हा भाग नको होता, ‘प्रेक्षक निराश होईल’ म्हणून. तो काढला असता तर उरलेला चित्रपट खोटा पडला असता.

कपाट

आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग संपूर्ण काढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नाटक-चित्रपटवाल्यांसाठी काढलेली मार्गदर्शिका स्पष्ट सांगते: पद्धत दाखवू नका, त्याला सुटका किंवा सूड म्हणून रंगवू नका, मदत कुठे मिळते ते दाखवा. पण काढण्याचं आणखी एक कारण होतं. प्रयत्न झाल्यावरच डॉक्टर, असा क्रम दाखवला की घरं प्रयत्नाची वाट पाहत बसतात.

त्या जागी आता एक विनासंवाद प्रसंग आहे. डॉक्टरने भावाला एकट्याला बोलावून सांगितलंय. रात्री भाऊ, तोच टोमणे मारणारा, ओसरीवरच्या कपाटातली शेतीची औषधं एका पोत्यात भरतो आणि दूरच्या गोदामात कुलूप लावून ठेवतो. किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधतो. डब्यांची नावं दिसत नाहीत. परत येतो तर जिजी जागी असते. ती काही विचारत नाही, सरकून त्याला बसायला जागा देते. जीव घेणारी वस्तू हाताशी नसणं हा आत्महत्या रोखण्याचा अतिशय परिणामकारक उपाय आहे, कारण तो उमाळा बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो.

मसुद्यात एक हवालदारही होता, ‘गुन्हा दाखल होईल’ म्हणणारा. तोही गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतल्या ३०९ कलमासारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाही राहिलेला नाही. ही भीती दाखवली तर लोक दवाखान्यात खरं सांगणार नाहीत.

दाखवताना

हा चित्रपट नुसता लावून निघून जायचा नाही. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, दिवसरात्र, मराठीतही, घरच्यांनी केला तरी चालतो) शेवटच्या पाटीवर तीन सेकंद टाकून उपयोग नसतो, कुणी लिहून घेत नाही. म्हणून तो मध्यावरही येतो: मुलगी शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर तो लिहिते आणि ते पुठ्ठं पुढच्या चार प्रसंगांत मागे दिसत राहतं. प्रदर्शनाच्या जागी समुपदेशक किंवा मानसोपचाराची परिचारिका हवी, आणि तिची खुर्ची मंचावर न ठेवता चपला काढतात त्या बाजूला. विचारायचं असतं ते लोक निघताना विचारतात. रात्री उशिराचा खेळ नको. लग्नघरात, पोळ्याच्या गर्दीत नको.

शेवटचा प्रसंग पुन्हा डिसेंबर. भरीत आहे, नाना आहेत, हसत नाहीत. सकाळी त्यांनी एका ओळीची पिलं काढली, निम्मी. विळा बांधावर ठेवलाय. वहिनी पाकिटातल्या गोळ्या मोजते आणि व्यापाऱ्याचा फोन आल्यावर पहिल्यांदाच ‘थांबा, देते’ म्हणून नानांकडे पाहते. नाना हात पुढे करायला चार सेकंद घेतात की तीन, यावर संकलनात अर्धा दिवस गेला. पट्टीवर अडीच लिहिलं होतं. अडीच ठेवले.

नववीतल्या मुलाचा धागा मात्र या मसुद्यातही कच्चा आहे. बाप खाटेवर पडल्यापासून तो घरात मोठ्याने बोलायला लागतो, शाळा बुडवतो, काकाच्या मागे फिरतो, एवढं आहे. त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, आणि पटकथेनेही सांगितलेलं नाही. पुढच्या मसुद्यात पहिल्यांदा तेच घ्यायचं आहे.